दुसरी शाळा नसलेले मूल

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि ‘वर्तणूक’ असा दुसरा. पहिल्यात बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ किंवा ‘सतत गैरहजर’ असे लिहिलेले सापडते, दुसऱ्यात ‘चांगली’. आता निवासी शाळेतला सातवी-आठवीचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याची चाल बायकी, बोलणे नाजूक, रमतो तो मुलींच्या घोळक्यात. बाकीची पोरे ‘बायल्या’ म्हणून त्याला हैराण करतात. अधीक्षक दम देतात तो छळणाऱ्यांना नाही, त्यालाच : ‘जरा नीट वाग.’ आणि एक दिवस बापाला निरोप जातो की पोराला घेऊन जा, त्याचे इथे जमत नाही. यातले एक अक्षरही त्या दोन रकान्यांत उतरत नाही. कागदावर मुलगा आपणहून गेलेला असतो, वर्तणूक चांगली असते आणि शाळेचे काहीच चुकलेले नसते.

ज्या शाळेतले पगार, जेवण आणि अंथरूण-पांघरूण सरकारी पैशातून येते, त्या शाळेच्या चालकांना आपला धर्म, आपली प्रार्थना, आपले सण जपायची मोकळीक जरूर असावी. पण एखादे मूल समलिंगी वाटते, तृतीयपंथी वाटते, मुलासारखे किंवा मुलीसारखे वागत नाही, एवढ्यावरून त्याला काढण्याची, छळू देण्याची किंवा ‘वळण लावण्याची’ मोकळीक असता कामा नये, आणि हे अनुदानाच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असावे, असे माझे म्हणणे आहे. पुण्या-मुंबईत हा वाद तत्त्वांचा म्हणून घालता येतो. शहापूर-मुरबाडमध्ये तो त्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाशी जोडलेला आहे.

शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ठाणे जिल्ह्यातल्या आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत येतात, काही शासकीय आणि काही अनुदानित. राज्यभरात शासकीय आश्रमशाळा सुमारे पाचशे आहेत आणि स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा साडेपाचशेच्या आसपास. संस्थांना अनुदान देऊन आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा चालवण्याची योजना १९५३-५४ पासूनची, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही जुनी. शिक्षकांचे पगार वेतन अनुदानातून होतात. मुलांच्या खाण्यापिण्याचा खर्च परिपोषण अनुदानातून निघतो, दर मुलामागे आणि दर महिन्याला. याखेरीज ‘नामांकित’ म्हणून ओळखली जाणारी योजना आहे. तीत आदिवासी विद्यार्थ्यांना खासगी इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत पाठवतात आणि फी सरकार भरते. वर्षाला मुलामागे पन्नास ते सत्तर हजारांपर्यंतची ही रक्कम असते. शाळा कोणाची, तिच्या कार्यालयात भिंतीवर कोणाची तसबीर, सकाळी कोणती प्रार्थना, हे त्या त्या संस्थेवर.

इथे ‘धार्मिक शाळा’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या अनुदानित शाळांच्या मागे उभ्या असलेल्या संस्था सरसकट धार्मिक नाहीत. कुणी गांधीवादी सेवेच्या परंपरेतून आलेले असते, कुणी स्थानिक पुढारी असतो, कुणी समाजाचे मंडळ. ठाणे जिल्ह्याला, म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या जिल्ह्याला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामाचा वारसा आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण संस्थेच्या नावात देव नसला तरी तिच्या मनात नीतीची एक कल्पना असतेच, आणि निवासी शाळेत ती चोवीस तास राबते. मठ, चर्च, मदरसा, सेवा मंडळ यांपैकी कोणी का चालवीत असेना, मुलगा कसा असावा आणि मुलगी कशी असावी याबद्दल या साऱ्यांचे फारसे दुमत नसते. म्हणून माझा मुद्दा धर्मसंस्थांना उद्देशून असला तरी तेवढ्यावर थांबत नाही.

अशा शाळेतली पहाट पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. पाचच्या सुमारास घंटा होते. दिवसा ज्या खोलीत वर्ग भरतो तिथेच अनेक ठिकाणी रात्री अंथरुणे पडतात. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्यांची रांग, पेटीवर पांढऱ्या रंगात नाव आणि इयत्ता. मग हौदावर आंघोळ. उघड्यावर, एका वेळी वीस-पंचवीस पोरे, मध्ये पाण्याचा मग फिरतोय. ज्याच्या अंगावरून, चालण्यावरून रोज शेरे पडतात त्याच्यासाठी दिवसातला सर्वांत कठीण अर्धा तास हाच असतो. तो सगळ्यांत शेवटी जातो, मग प्रार्थनेला उशीर होतो, मग उशिराची शिक्षा त्यालाच. किंवा तो आंघोळच टाळतो, मग ‘घाणेरडा’ म्हणून वेगळा त्रास. दुपारच्या तासांना शिक्षक असतात, चार डोळे असतात. रात्री दिवे गेल्यावर पन्नास-साठ मुलांमध्ये तो एकटा असतो. भेदभाव म्हटला की आपल्या मनात प्रवेश नाकारण्याचे चित्र येते. निवासी शाळेत तो हौदापाशी असतो आणि दोन अंथरुणांमधल्या वीतभर जागेत असतो.

आणि तिथून निघून जायचे म्हटले तर जायचे कुठे? डोळखांब, किन्हवली, टोकावडे, मोरोशीच्या आसपासच्या पाड्यांतून आलेल्या मुलाला मनाजोगी दुसरी माध्यमिक शाळा जवळ मिळणे कठीण. कातकरी घरातला मुलगा असेल तर दिवाळीनंतर त्याच्या घराला कुलूप असते. आई-बाप भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेले असतात ते पावसाच्या तोंडावर परततात. ‘घरी पाठवून द्या’ असे अधीक्षक म्हणतो तेव्हा ते मूल घरी जात नाही, भट्टीवर जाते. तिथे गेल्यावर पुन्हा शाळेचे तोंड पाहील याची खात्री नसते. अनुदानित संस्थेला सगळे स्वातंत्र्य द्या, ज्यांना पटत नाही ते दुसरीकडे जातील, हा युक्तिवाद दादरला कदाचित चालेल. तो चालण्यासाठी ‘दुसरीकडे’ असे काहीतरी असावे लागते.

याच भागातली एक अलीकडची घटना आठवते. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका खासगी शाळेत, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून त्यांची तपासणी केल्याचा प्रकार उघडकीला आला. पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटकही झाली. तो उघडकीला आला कसा? मुली संध्याकाळी घरी गेल्या, आईला सांगितले, आणि संतापलेले पालक शाळेवर धडकले. त्या मुलींना रोज संध्याकाळी जायला घर होते. आश्रमशाळेतल्या मुलाची संध्याकाळ दिवाळीच्या सुट्टीत उगवते. तोवर त्याने सांगायचे ते ज्याच्याबद्दल सांगायचे त्यालाच.

आदिवासी मुलाच्या शाळेवरून या देशात वाद कमी झालेले नाहीत. मिशनऱ्यांच्या शाळांना सरकारी पैसा द्यावा का, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच पेटला. जुन्या मध्य प्रदेशात नियोगी समिती बसली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्याआधी १९५२ मध्ये बाळासाहेब देशपांडे या मराठी माणसाने जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना केली. तेव्हापासून सात दशके आपण एकाच गोष्टीवर भांडत आलो : या मुलाने कोणत्या देवापुढे हात जोडावेत. त्या वादात दोन्ही बाजूंनी तळमळीने काम करणारी माणसे होती हे मी मान्य करतो. पण मूल स्वतः कोण आहे, त्याला रात्री झोप लागते का, हे त्या भांडणात कोणत्याच बाजूने विचारलेले दिसत नाही. त्याचा आत्मा जिंकायचा होता. त्याच्याकडे ऐकण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटले नाही.

राज्यघटनेने मात्र मुलाची बाजू थोडीफार धरून ठेवली आहे. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत देता येते, पण विद्यार्थ्यावर सक्ती करता येत नाही, आणि तो अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. ही संमती प्रत्यक्षात कोण विचारतो? प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला मागतात, रेशनकार्ड मागतात, आधार मागतात. प्रार्थनेबद्दल विचारल्याचे कुणी सांगत नाही. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला प्रार्थनेत हात न जोडल्यावरून त्रास झाला तेव्हा त्याला उच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो प्रौढ होता, शिकलेला होता, वकील करू शकला. केरळमध्ये राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या, पण त्या वेळी अदबीने उभ्या राहणाऱ्या मुलांना शाळेने काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. शाळेच्या शिस्तीपुढे मुलाच्या सदसद्विवेकाला जागा आहे, हे आपल्याकडे तेव्हाच ठरले.

मुलाच्या लैंगिकतेबद्दल मात्र कायद्यात भोके आहेत, आणि ती नीट पाहायला हवीत. अनुदानित शाळेत प्रवेश नाकारू नये असे सांगणाऱ्या कलम २९(२) मध्ये धर्म, वंश, जात आणि भाषा आहेत, लिंग नाही. कलम १५ मध्ये लिंग आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालाने त्यात लिंगभावही धरला. त्या खटल्यात हस्तक्षेपक म्हणून उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्याच, हे इथल्या वाचकाने लक्षात ठेवावे. पण कलम १५(१) बांधते शासनाला. खासगी संस्था, अनुदान घेत असली तरी, त्यातून निसटायचा प्रयत्न करू शकते. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याने ही वाट बऱ्यापैकी अडवली. शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थेत भेदभाव चालणार नाही, आणि प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी असेल, असे त्यात आहे. अंमलबजावणीचे काय झाले ते १७ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात दिसते. उत्तर प्रदेशातल्या एका शाळेने काढून टाकलेल्या आणि गुजरातमधल्या दुसरीने रुजूच करून न घेतलेल्या एका तृतीयपंथी शिक्षिकेला सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई दिली आणि कायदा कागदावरच ठेवल्याबद्दल सरकारांना सुनावले. शिक्षिकेची ही गत, तर सातवीतल्या पोराच्या तक्रारीसाठी कोण अधिकारी नेमून बसला असेल?

शिवाय तो कायदा तृतीयपंथी व्यक्तीपुरता आहे. समलिंगी मुलगा, दुसऱ्या मुलीवर जीव जडलेली मुलगी यांचे नाव त्यात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ओळखपत्राचा अर्ज पालकाने करायचा असतो, आणि पालक भट्टीवर. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण कोण हे स्वतःलाही पुरते उमगलेले नसते. त्याच्याकडून जाहीर ओळखीची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. म्हणून नियम करायचा तर मुलाने आधी काही कबूल करावे अशी अट त्यात नको. ते कसे दिसते, चालते, बोलते, कोणाशी मैत्री करते यावरून, किंवा ते ‘तसले’ आहे अशा नुसत्या समजावरून, त्याला कोणीही वेगळी वागणूक द्यायची नाही, एवढे म्हटले की पुरे. छळणारी पोरे तरी आधी प्रमाणपत्र कुठे मागतात?

अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न नाजूक आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, अगदी अनुदानित शाळांनाही, लागू नाही असे ठरवले. त्या कायद्यातल्या पंचवीस टक्के आरक्षणाच्या चर्चेत एक गोष्ट झाकली गेली : प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला काढता येणार नाही, आणि त्याला मारझोड वा मानसिक त्रास देता येणार नाही, हीही त्याच कायद्याची कलमे आहेत. ती या शाळांपुरती गळाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवला. मला ती शंका रास्त वाटते. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवता याव्यात हा कलम ३० चा हक्क मोलाचा आहे, आजच्या हवेत तर अधिकच. पण त्या हक्कात वर्गातल्या मुलाला मारण्याचा हक्क येतो का असे एखाद्या पाद्र्याला किंवा मौलवींना विचारले तर तेही हो म्हणणार नाहीत.

नियमांचे हत्यार एकाच बाजूवर चालेल ही भीतीसुद्धा खरी आहे. आसामने २०२० मध्ये सरकारी मदरसे सामान्य शाळांत बदलण्याचा कायदा केला. तिथे प्रश्न मुलांच्या भल्याचा किती आणि राजकारणाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. महाराष्ट्राने आजवर वेगळी वाट धरली आहे. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत सरकार विज्ञान, गणित अशा विषयांच्या शिक्षकांना मानधन देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झाले. धर्मशिक्षण संस्थेचे, बाकीच्या विषयांचा पैसा सरकारचा. पैसा कशासाठी आणि कशासाठी नाही हे सरकारला लिहिता येते, आणि संस्था ते मान्य करून पैसा घेतात, असा याचा अर्थ. तीच अट सगळ्यांना लावा : हिंदू संस्थेला, ख्रिस्ती संस्थेला, मुस्लीम संस्थेला, गांधीवादी मंडळाला, आमदारांच्या शिक्षण प्रसारक मंडळाला. एकाला जरी सूट दिली तरी बाकीच्यांना ती अट आपल्याविरुद्धच आहे असे वाटेल, आणि तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे, बहुतेक सगळे जंगल आणि विरळ वस्तीचे. तिथल्या निम्म्याहून अधिक शालेय विभागांत सरकारी माध्यमिक शाळाच नाही. मग सरकार पालकांच्या पसंतीच्या खासगी शाळेची फी भरते. आपल्या ‘नामांकित’ योजनेशी याचे बरेच साम्य आहे. धार्मिक शाळांना त्यातून वगळले होते. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणे घटनाबाह्य ठरवले. पण मेनने त्याआधीच, २०२१ मध्ये, कायदा दुरुस्त करून ठेवला होता : सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला लैंगिकता व लिंगभाव यांवरून भेदभाव करता येणार नाही. निकाल लागल्यावर ज्या दोन शाळांवरून खटला झाला होता त्यांतल्या बँगोर ख्रिश्चन शाळेने पैसा घेतला नाही. तिच्या चालकांनी उलट या अटीविरुद्ध नवा दावा लावला. समलिंगी मुलांना शाळेत घेण्यापेक्षा पैसा नको, असा त्याचा अर्थ. मला ती भूमिका पटत नाही, पण तीत प्रामाणिकपणा आहे. सरकारी पैसा हवा तर सरकारी अट, नको तर तुमचे तुम्ही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात कॅथलिक शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालतात. तिथे २०१२ च्या कायद्याने अशा शाळांतल्या मुलांना आपले मदतगट काढायची आणि त्यांना हवे ते नाव द्यायची मुभा मिळाली. कॅथलिक शाळा बंद पडल्या नाहीत.

आपल्याकडचा फरक असा की इथली संस्था ‘पैसा नको’ असे म्हणू शकत नाही. अनुदान गेले तर शाळा बंद, आणि शाळा बंद झाली तर शिक्षा झाली ती त्याच मुलांना. म्हणून अनुदानाचा धाक कसा वापरायचा हे जपून ठरवावे लागेल. परिपोषण अनुदानाला हात लावायचा नाही, तो मुलांच्या ताटातला पैसा आहे. कापायचे तर संस्थेचे वेतनेतर अनुदान कापा, नवीन तुकडीची मान्यता रोखा, दोषी अधीक्षकाला निवासी कामातून कायमचे दूर करा. फारच झाले तर प्रशासक नेमा आणि शाळा चालू ठेवा. ज्याने चूक केली त्याच्यापर्यंत शिक्षा पोचणार नसेल तर ती अट लिहिण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच : ही शहरातली फॅडं, आमच्या खेड्यात, आमच्या आदिवासी पोरांत ती आणू नका. हे म्हणणाऱ्यांत वाईट माणसे कमी आणि घाबरलेली जास्त आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. ही मुले कुणी आणत नाही. ती इथलीच आहेत, याच पाड्यांतली. गावातल्या जाणत्यांना विचारा, कल्याणला किंवा मुंबईला गेला आणि परत गावात राहायला आला नाही असा एखादा मुलगा त्यांना आठवतोच, आणि तो का गेला हे सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कोणी नाही. अभ्यासक्रमाबद्दल वाद असू शकतो. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता. एनसीईआरटीने २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, ती आरडाओरडा होताच काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली. पाठ्यपुस्तकांत याबद्दल काय असावे हा प्रश्न सप्टेंबर २०२५ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि ज्या राज्यांना नोटीस गेली त्यांत महाराष्ट्र आहे. तो वाद त्याच्या गतीने चालू द्या. मी म्हणतो त्या अटीला कोणताही धडा शिकवावा लागत नाही. आंघोळीला आडोसा, रात्री हॉलमध्ये जागता माणूस, आणि कोणालाही ‘तसला’ म्हणून काढायचे नाही. यात कोणत्या धर्माचे काय बिघडते?

धर्मही या बाबतीत दगडासारखा एका जागी बसलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी एका मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन, अशी माणसे आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याची जागा हवी, असे म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा पाद्र्यांना दिली. दोन्हींना मर्यादा आहेत आणि त्यांवर आतूनच टीका झाली. तरी एवढे दिसते की वरची माणसे विचार करू लागली आहेत आणि खालच्या वसतिगृहातला अधीक्षक मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या नीतीवर चालतो आहे. त्याने आपल्या धर्मगुरूंइतके तरी उदार व्हावे ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता अटीत काय असावे याबद्दल. मूल मध्येच शाळा सोडून गेले तर त्याची जागा भरण्याआधी आणि त्याच्या नावचे अनुदान पुढे चालू ठेवण्याआधी, प्रकल्प कार्यालयातल्या माणसाने त्या मुलाला प्रत्यक्ष भेटले पाहिजे, मग ते पाड्यावर असो की भट्टीवर, आणि का गेलास हे एकट्याला विचारले पाहिजे, संस्थेचा माणूस सोबत न घेता. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाकडे नको. १०९८ हा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो, पण फोन कार्यालयात कुलूपबंद असतो. मुलांना तो वापरता आला पाहिजे. मुलाबद्दल काही कळले तर ते आई-बापाला सांगायचे की नाही हे मुलाला विचारून ठरवायचे. कारण अधीक्षकाने ‘तुमचे पोर असले आहे’ म्हणून सांगितल्यावर घरी काय होते हे आपल्याला माहीत आहे. छळाची तक्रार आली तर जागा बदलायची ती छळणाऱ्याची.

आणि सुरुवात सरकारने स्वतःच्या शाळांपासून करावी. शासकीय आश्रमशाळांत अनुदानाचा प्रश्नच नाही, कलम १५ तिथे सरळ लागू आहे, अधीक्षक सरकारी नोकर आहे. मोरोशीच्या किंवा शहापूर तालुक्यातल्या एखाद्या शासकीय आश्रमशाळेतल्या मुलाला आज जे संरक्षण देता येत नाही, ते खासगी संस्थेकडून मागायचा अधिकार शासनाला उरत नाही. शासकीय शाळांत हौदाला आडोसा बांधून झाला, अधीक्षकांचे प्रशिक्षण झाले, एका तरी तक्रारीची तड लागली, की मग संस्थांना परिपत्रक पाठवावे.

यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागत नाही आणि मोठ्या पीठाचा निकाल येईपर्यंत थांबावेही लागत नाही. बदलापूर, जे मुरबाड विधानसभा मतदारसंघातच येते, तिथल्या शाळेतला प्रकार ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला आणि लोक रुळांवर उतरले. त्यानंतर काही दिवसांतच शासन निर्णय निघाला : महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, नाहीतर अनुदान रोखू किंवा मान्यता काढू. तेव्हा कोणत्याही संस्थेने आपल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आला असे म्हटले नाही. तसाच निर्णय आदिवासी विकास विभाग आश्रमशाळांसाठी आणि ‘नामांकित’ शाळांसाठी काढू शकतो. नव्या शैक्षणिक वर्षाच्या मान्यता देताना ही अट त्याच कागदावर घालता येते. नाशिकच्या आयुक्तालयाला आणि ठाण्याच्या अपर आयुक्तांना तेवढे अधिकार आहेत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हे करावे.